अपत्याची प्रतीक्षा आणि पाण्याचा हिशेब

विवाहाला दोन-तीन वर्षे झाली आणि घरात पाळणा हलला नाही, की व्यापारी कुटुंबात त्या विषयाची चर्चा प्रथम स्वयंपाकघरात आणि मग नातेवाइकांच्या बैठकीत सुरू होते. कोणी एखाद्या वैद्याचा पत्ता देते, कोणी काढा सुचवते, कोणी व्रत सांगते. अलीकडे या सल्ल्यांत आणखी एकाची भर पडली आहे. ‘सुनेला पाणी भरपूर प्यायला सांगा, दिवसाला चार लिटर गेलेच पाहिजे, सगळे ठीक होईल.’ सल्ला देणाऱ्याचा हेतू चांगला असतो आणि सल्ल्याला खर्च काहीच नसतो, म्हणून तो सहज दिला जातो. ज्या सुनेला तो मिळतो, ती मात्र सूर्यास्तापूर्वी चौविहाराचे पच्चक्खाण घेते, सकाळी नवकारशी आल्यावाचून पाण्याचा थेंब तोंडात घेत नाही आणि दिवसातले पाच-सहा तास दुकानाच्या गल्ल्यावर बसते, जेथे आसपास स्वच्छ स्वच्छतागृह नसते. चार लिटर पाणी तिने केव्हा आणि कोठे प्यावे, हा प्रश्न सल्ला देणाऱ्याला पडत नाही.

त्यामुळे या विषयाचा थोडा शांतपणे विचार होणे आवश्यक आहे. पाण्याचा गर्भधारणेशी संबंध नेमका किती, नियम पाळणाऱ्या घरात पाण्याची गरज कशी भागवावी आणि पाण्याच्या भरवशावर कोणती कामे लांबणीवर टाकू नयेत, हे तीन प्रश्न वेगवेगळे आहेत. ते एकत्र झाले की गोंधळ होतो आणि त्याचा भार बहुधा एकट्या सुनेवर पडतो.

पाणी काय करते आणि काय करत नाही

प्रौढ पुरुषाच्या वजनात सुमारे ६० टक्के आणि स्त्रीच्या वजनात सुमारे ५० ते ५५ टक्के वाटा पाण्याचा असतो. रक्त, पाचकरस, घाम, मूत्र ही सर्व पाण्याचीच रूपे. स्त्रीबीज बाहेर पडण्याच्या सुमारास गर्भाशयाच्या मुखाशी जो स्राव तयार होतो, त्यातही ९० टक्क्यांहून अधिक पाणी असते. एरवी दाट असणारा हा स्राव त्या दिवसांत पातळ, पारदर्शक आणि एकतारी पाकासारखा तार धरणारा होतो. पुरुषबीजाला आत जाण्याची वाट त्यामुळे मोकळी होते. येथूनच असा तर्क निघाला की पाणी अधिक प्यायले तर स्राव वाढेल आणि स्राव वाढला तर गर्भ लवकर राहील.

तर्क ऐकायला पटण्यासारखा असला तरी त्यात एक दुवा निखळलेला आहे. हा स्राव किती आणि कसा असावा, हे इस्ट्रोजेन या संप्रेरकाच्या प्रमाणावर ठरते. स्त्रीबीज परिपक्व होऊ लागले की हे संप्रेरक वाढते आणि स्राव पातळ होतो. ते वाढले नाही, तर घागरभर पाणी प्यायल्यानेही स्राव पातळ होत नाही. गोदामात माल ठासून भरला म्हणून गिऱ्हाईक वाढत नाही, हे व्यापाऱ्याला सांगावे लागत नाही. येथेही तसेच आहे. पुरुषाच्या बाबतीतही वीर्यातील द्रव भाग बहुतांशी पाण्याचा असला, तरी बीजांची संख्या आणि चपळता पाण्याच्या पेल्यांवर ठरत नाही. केवळ जास्त पाणी प्यायल्याने गर्भधारणेची शक्यता वाढते, असे दाखवणारा भरवशाचा पुरावा वैद्यकशास्त्राकडे नाही.

मग पाण्याकडे लक्ष द्यायचेच कशाला? कारण पाणी कमी पडल्याने होणारे त्रास मात्र खरे आहेत आणि अपत्याची वाट पाहणाऱ्या स्त्रीला ते नकोच असतात. त्यांतला मुख्य त्रास मूत्रमार्गाच्या जंतुसंसर्गाचा. लघवीला जळजळ, वारंवार जावे लागणे, अंगात कसर, ही लक्षणे बहुतेक घरांना परिचित आहेत. ज्या स्त्रियांना हा त्रास वारंवार होत होता आणि ज्या दिवसाकाठी दीड लिटरपेक्षा कमी पेये घेत होत्या, अशा १४० स्त्रियांवर झालेल्या एका अभ्यासाचे निष्कर्ष २०१८ साली अमेरिकेतील एका मान्यवर वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले. त्यांतील निम्म्या स्त्रियांना रोज आणखी दीड लिटर पाणी पिण्यास सांगितले होते. वर्षभरात त्यांना सरासरी १.७ वेळा संसर्ग झाला, तर नेहमीप्रमाणेच पाणी पिणाऱ्यांना ३.२ वेळा. औषधावाचून मिळालेला हा लाभ लहान म्हणता येणार नाही. गर्भारपणात हाच संसर्ग मूत्रपिंडापर्यंत चढण्याचा धोका वाढतो, तेव्हा त्याची सवय आधीच मोडलेली बरी.

दुसरा त्रास बद्धकोष्ठाचा आणि तिसरा डोकेदुखी व थकव्याचा. शिवाय गर्भधारणा झाली की शरीरातील रक्ताचे प्रमाण हळूहळू ४० ते ५० टक्क्यांनी वाढते आणि त्यासाठी पाणी लागते. पाणी पिण्याची सवय गर्भ राहिल्यावर लावू, असे म्हणणाऱ्या स्त्रीला पहिल्या महिन्यांतील मळमळीत ते जमत नाही. सवय आधीची असेल तर निभाव लागतो.

किती पाणी

युरोपीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २०१० साली ठरवलेल्या प्रमाणानुसार प्रौढ स्त्रीला दिवसाला एकूण २ लिटर आणि पुरुषाला २.५ लिटर पाणी पुरेसे असते. गर्भवतीसाठी त्यात ३०० मिलिलिटरची भर घातलेली आहे. ‘एकूण’ हा शब्द येथे महत्त्वाचा आहे, कारण त्यात वरण, ताक, दूध, चहा, फळे आणि भाज्या यांतून येणारे पाणीही धरलेले आहे. अन्नातून साधारण पाचवा हिस्सा येतो असे धरले, तर स्त्रीने पेयरूपाने घ्यावयाचे पाणी सुमारे १.६ लिटर, म्हणजे २०० मिलिलिटरच्या पेल्याने ८ पेले होते. हे प्रमाण मध्यम हवामानाचे आहे. जळगाव-अकोल्याचा वैशाख किंवा पत्र्याच्या छपराखालचे गोदाम असेल, तर आणखी तीन-चार पेले वाढवावे लागतात.

मोजणे जमत नसेल तर लघवीचा रंग पाहावा. फिकट पिवळा रंग म्हणजे पाणी पुरेसे आहे. गर्द पिवळा किंवा तांबूस रंग दुपारीही दिसत असेल तर पाणी कमी पडते आहे. सकाळच्या पहिल्या लघवीचा रंग गडद असतोच, त्यावरून घाबरू नये. बी-जीवनसत्त्वाच्या गोळ्या चालू असतील तरी रंग गडद पिवळा येतो, हेही ध्यानात ठेवावे.

याच्या उलट, ईर्ष्येने पाणी पिणेही घातक आहे. थोड्या वेळात अनेक लिटर पाणी पोटात गेले तर रक्तातील सोडियमचे प्रमाण घसरते. त्याने डोके दुखते, उलट्या होतात आणि क्वचित जिवावर बेतते. तेव्हा चार लिटरचा हट्ट निरोगी स्त्रीलाही लाभदायक नाही. हृदयाचा किंवा मूत्रपिंडाचा विकार असेल, तर पाण्याचे प्रमाण डॉक्टरांनीच ठरवावे.

चौविहार पाळणाऱ्या घरातील वेळापत्रक

पुण्याच्या परिसरात डिसेंबरच्या अखेरीस रात्र सुमारे १३ तासांची असते. त्यात नवकारशीची ४८ मिनिटे मिळवली, की चौविहार पाळणारी व्यक्ती जवळपास पावणेचौदा तास पाण्याविना राहते. जूनच्या अखेरीस हाच काळ साडेअकरा तासांच्या आसपास येतो. निरोगी माणसाचे शरीर हा काळ सहज निभावते. पाणी कमी आहे हे कळताच मूत्रपिंडे लघवी दाट करतात आणि पाणी राखतात. रात्री घामही कमी येतो. त्यामुळे चौविहारामुळे अपत्य होत नाही, असे कोणी म्हणत असेल तर त्याला आधार नाही. अडचण रात्रीची नसते. उरलेल्या दिवसात पाणी प्यायले जात नाही, ही खरी अडचण आहे.

हिवाळ्यात पाणी पिण्यासाठी सुमारे दहा तास हाती राहतात. दहा तासांत आठ पेले म्हणजे सव्वा तासाला एक पेला. हा हिशेब अवघड नाही, पण प्रत्यक्षात अनेक घरांत तो वेगळ्याच रीतीने चालतो. सकाळी घाईत चहा होतो, दुपारी जेवताना एखादा पेला घेतला जातो आणि मग संध्याकाळी स्वयंपाकघरातून हाक येते, ‘बेटा, पाणी पिऊन घे, सूर्यास्ताला दहाच मिनिटे राहिली.’ सूनबाई ‘हो मम्मी’ म्हणून उभ्या उभ्या तांब्याभर पाणी संपवते. हाक मायेची असते, यात शंका नाही. परंतु शरीराला पाण्याची साठवण करता येत नाही. एकदम प्यायलेल्या पाण्यातला बराचसा भाग तास-दोन तासांत लघवीवाटे निघून जातो आणि रात्रीच्या उपयोगी पडत नाही.

त्याऐवजी पाणी हप्त्याहप्त्याने घ्यावे. नवकारशी आल्यावर दोन पेले, दुकानाला निघण्यापूर्वी एक, दुपारच्या जेवणापर्यंत दोन, दुपारनंतर दोन आणि संध्याकाळच्या भोजनाच्या आधी एक, अशी वाटणी सोयीची पडते. संध्याकाळच्या ताटात पातळ वरण, मुगाचे कढण, मऊ खिचडी, दुधी किंवा काकडी असेल तर त्यांतील पाणी सावकाश शोषले जाते. उन्हाळ्यात ताक, लिंबाचे सरबत, नारळपाणी यांची भर घालावी. भजी, फरसाण आणि पापड सूर्यास्ताच्या तोंडावर टाळावेत, कारण मीठ अधिक गेले की रात्री तहान लागते आणि नियम पाळणाऱ्याला ती सोसावी लागते.

चहाविषयीही थोडे सांगणे भाग आहे. चहाने शरीरातील पाणी उडून जाते, हा समज अतिशयोक्त आहे. चहाही पाण्याच्या हिशेबात जमेला धरता येतो. परंतु गर्भधारणेची इच्छा असणाऱ्या आणि गर्भवती स्त्रियांनी दिवसाचे कॅफीन २०० मिलिग्रॅमच्या आत ठेवावे, असा तज्ज्ञांचा सल्ला आहे. दोन-तीन कप चहात ही मर्यादा ओलांडली जात नाही. दिवसभर गिऱ्हाइकांबरोबर चालणाऱ्या चहाने आणि वर कॉफीने ती ओलांडली जाऊ शकते. जेवणाला लागून चहा घेतला तर धान्य-कडधान्यांतील लोह कमी शोषले जाते, म्हणून शाकाहारी स्त्रीने जेवण आणि चहा यांत तासाभराचे अंतर ठेवणे हिताचे.

गल्ल्यावर बसणाऱ्या सुनेची अडचण

पेठेतील दुकाने जुनी, जागा अरुंद आणि वर-खाली भाडेकरूंची वस्ती. पुरुष मंडळी आपली सोय कशीबशी करून घेतात. स्त्रीची सोय नसते. मग ती सकाळी नऊपासूनच पाणी टाळू लागते आणि लघवी चार-चार, पाच-पाच तास रोखून धरते. तिला पाणी पी म्हणून सांगणारे कुटुंब दुकानाच्या नव्या फर्निचरवर आणि पाटीवर लाखो रुपये खर्च करते, परंतु मागच्या बाजूला एक स्वच्छ, आतून कडी लागणारे स्वच्छतागृह बांधण्याचा विचार कोणाच्या मनात येत नाही. पाणी कमी पिणे आणि लघवी रोखणे या दोन्ही गोष्टी जंतुसंसर्गाला वाट करून देतात. ज्या दुकानात घरच्या लेकीसुना आणि कामाच्या मुली बसतात, तेथे ही सोय करणे हा कोणावरचा उपकार समजू नये. जागाच नसेल तर शेजारच्या दोन-तीन दुकानदारांनी मिळून ती करावी, किंवा तिच्या कामाच्या पाळ्या अशा ठरवाव्यात की मध्ये एकदा घरी जाऊन येता येईल.

पाणी शुद्ध हवे, महाग नव्हे

पाण्याच्या प्रमाणाइतकीच त्याची शुद्धता महत्त्वाची आहे. येथे जैन घरांना परंपरेने मोठा लाभ दिलेला आहे. पाणी गाळून घेणे आणि उकळून पिणे, या रिती ज्यांच्या घरी अजून चालू आहेत, त्यांचे अनेक रोगांपासून रक्षण होते. दूषित पाण्यातून पसरणारी हिपॅटायटिस-ई ही कावीळ इतरांना बहुधा थोड्या दिवसांत सोडून जाते, पण गर्भवतीला, विशेषतः शेवटच्या तीन महिन्यांत, ती प्राणघातक ठरू शकते. २०१२ साली इचलकरंजीसारख्या कापडाच्या व्यापाराच्या गावात या काविळीची मोठी साथ पसरली होती. पिण्याचे पाणी खळखळून उकळले की हा विषाणू आणि बहुतेक जंतू नष्ट होतात. क्षार किंवा फ्लोराइड मात्र उकळण्याने जात नाहीत. बोअरच्या पाण्यावर राहणाऱ्यांनी ते एकदा तपासून घ्यावे.

उकळलेले पाणी नुसतेच कोमट आणि बेचव लागते म्हणून कमी प्यायले जाते, अशी तक्रार तरुण मुली करतात. त्यावर उपाय सोपा आहे. सकाळी उकळलेले पाणी रुंद तोंडाच्या भांड्यात झाकून निववावे आणि स्टीलच्या बाटलीत भरून दुकानावर न्यावे. बाटली एक लिटरची असेल तर किती प्यायले याचा हिशेबही आपोआप राहतो. परंपरेने अशा पाण्याची मर्यादा पावसाळ्यात तीन, हिवाळ्यात चार आणि उन्हाळ्यात पाच प्रहरांची मानली आहे, तेव्हा सकाळचे पाणी हिवाळ्यात आणि उन्हाळ्यात सूर्यास्तापर्यंत चालते, पावसाळ्यात मात्र तीन प्रहरांनंतर ते पुन्हा उकळावे लागते.

अपत्याची आस असलेल्या जोडप्यांना अलीकडे ‘अल्कलाइन’ पाण्याची यंत्रे विकली जातात. किंमत कित्येक हजारांपासून लाखांपर्यंत असते आणि विकणारा बहुधा ओळखीतलाच असतो. त्याच्या म्हणण्यानुसार हे पाणी शरीरातील आम्लता घालवते आणि गर्भ राहतो. वस्तुतः प्यायलेले कोणतेही पाणी प्रथम जठरातील तीव्र आम्लात मिसळते. रक्ताचा सामू ७.३५ ते ७.४५ या अरुंद मर्यादेत राखण्याचे काम फुप्फुसे आणि मूत्रपिंडे अहोरात्र करीत असतात. यंत्रातल्या पाण्याने तो बदलत नाही. कोणताही व्यापारी मालाचा नमुना पाहिल्यावाचून रक्कम मोजत नाही. तोच व्यापारी घरातल्या दुःखापोटी हे यंत्र मात्र विनातक्रार विकत घेतो. त्या रकमेत पती-पत्नी दोघांच्याही प्राथमिक तपासण्या अनेकदा होतील.

तप आणि तयारी

एखाददुसरा तिविहार उपवास, एकासणे किंवा आयंबिल यांनी निरोगी स्त्रीचे मासिक चक्र बिघडते, असे मानण्याचे कारण नाही. दीर्घ तपाची गोष्ट वेगळी आहे. शरीराला दीर्घकाळ पुरेसे अन्न मिळाले नाही, की मेंदूकडून बीजकोशाला जाणारे संदेश मंदावतात आणि स्त्रीबीज तयार होणे लांबते किंवा थांबते. वजन आधीच कमी असलेल्या मुलीत हे लवकर घडते. शिवाय गर्भ राहिला आहे हे पाळी चुकेपर्यंत कळत नाही. त्या दोन आठवड्यांत अठ्ठाई किंवा चौविहार उपवासांची मालिका चालू असेल, तर नकळत गर्भाच्या पहिल्याच दिवसांत शरीरावर ताण येतो. म्हणून अपत्यासाठी प्रयत्न चालू असतील त्या काळात अठ्ठाई, मासक्षमण किंवा वर्षीतप यांचा विचार करण्यापूर्वी डॉक्टरांशी बोलावे आणि गुरुमहाराजांसमोरही परिस्थिती मोकळेपणाने मांडावी. पच्चक्खाणात आगारांची योजना मुळातच केलेली आहे आणि शरीराच्या समाधीचा विचार तीत आहे. तप पुढेही होऊ शकते. ‘देराणीने अठ्ठाई केली, आता तुझी पाळी’ असे घरातून सुचवले जाणार नाही, एवढी काळजी वडीलधाऱ्यांनी घ्यावी.

ज्या एका गोळीचा लाभ निःसंशय सिद्ध झालेला आहे, तिची मात्र घरात क्वचितच चर्चा होते. ती गोळी फॉलिक आम्लाची. गर्भाच्या मेंदू आणि मज्जारज्जूची नळी गर्भधारणेनंतर सुमारे २८ दिवसांत मिटते, म्हणजे पुष्कळ स्त्रियांना गर्भ राहिल्याची खात्री होण्याच्या आतच. म्हणून रोज ४०० मायक्रोग्रॅम फॉलिक आम्ल प्रयत्न सुरू करण्यापूर्वीपासून ते गर्भारपणाच्या १२व्या आठवड्यापर्यंत घेण्यास सांगितले जाते. काही स्त्रियांना डॉक्टर अधिक मात्रा देतात. चातुर्मासात पालेभाज्या वर्ज्य करणाऱ्या घरात मूग, चवळी, हरभरा यांतून फोलेट मिळते, पण त्यावर विसंबून गोळी टाळू नये. शाकाहारी स्त्री-पुरुषांत बी-१२ जीवनसत्त्वाची कमतरताही बरीच आढळते. नुसत्या फॉलिक आम्लाने ती झाकली जाऊ शकते, म्हणून बी-१२, हिमोग्लोबिन आणि थायरॉइड यांची रक्ततपासणी एकदा करून घ्यावी.

चाचणीच्या दिवशी पाण्याचे पथ्य

घरी करावयाच्या गर्भचाचणीत पाण्याचा संबंध थेट येतो. गर्भ राहिल्यावर लघवीत उतरणारे संप्रेरक प्रारंभी अत्यल्प असते. भरपूर पाणी पिऊन मग चाचणी केली, तर ते पातळ होऊन उत्तर नकारार्थी येऊ शकते. पाळी चुकल्यावर सकाळच्या पहिल्या लघवीने चाचणी करणे म्हणूनच उत्तम. स्त्रीबीज केव्हा बाहेर पडणार हे सांगणाऱ्या पट्ट्यांची रीत थोडी निराळी आहे. त्यांत बहुधा सकाळची पहिली लघवी टाळून दिवसा चाचणी करावी आणि त्यापूर्वी सुमारे दोन तास पाणी बेताने घ्यावे, असे सांगितलेले असते. पट्टीने संकेत दिल्यावर साधारण २४ ते ३६ तासांत स्त्रीबीज बाहेर पडते. बीज बाहेर पडण्याचा दिवस आणि त्याआधीचे पाच दिवस, असे सहा दिवस गर्भधारणेला अनुकूल असतात. दुकानाच्या खरेदीसाठी सुरत-मुंबईच्या वाऱ्या नेमक्या याच दिवसांत पडत असतील, तर दोष कोणाच्याच शरीराचा नसतो.

पुरुषाचा वाटा

जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ साली दिलेल्या माहितीनुसार जगात सुमारे सहांपैकी एका व्यक्तीला आयुष्यात केव्हा ना केव्हा वंध्यत्वाला सामोरे जावे लागते. अशा जोडप्यांपैकी जवळपास निम्म्यांत कारण अंशतः किंवा पूर्णतः पुरुषाकडे असते. असे असूनही पाणी, पथ्य आणि औषध यांचा सारा उपदेश सुनेला होतो आणि मुलगा गादीवर निवांत असतो.

पुरुषबीज तयार होण्यास सुमारे अडीच महिने लागतात आणि त्यासाठी शरीराच्या तापमानापेक्षा दोन ते चार अंश कमी उष्णता लागते. तासन्‌तास एकाच बैठकीत, घट्ट कपड्यांत, मांडीवर लॅपटॉप घेऊन बसणे, तंबाखू, गुटखा, वाढलेले वजन यांचा परिणाम बीजावर होऊ शकतो. आज सोडलेल्या व्यसनाचा लाभ अडीच-तीन महिन्यांनी दिसतो, म्हणून धीर धरावा लागतो. पाणी त्यालाही पुरेसे हवेच. मात्र त्याच्यासाठी अधिक महत्त्वाची आहे ती वीर्यतपासणी. ही तपासणी स्वस्त आणि सोपी आहे. तिच्या आधी दोन ते सात दिवसांचा संयम पाळावा लागतो, इतकेच. पत्नीच्या महागड्या आणि कष्टदायक तपासण्या होऊन गेल्यावर पतीची तपासणी करणे हा उलटा क्रम आहे. त्यात वर्षे जातात आणि एका निरपराध मुलीला ‘हिच्यातच काही आहे’ हे वाक्य पाठीमागे ऐकत राहावे लागते.

नियमित प्रयत्न असताना बहुसंख्य जोडप्यांना वर्षभरात यश येते. वर्ष लोटल्यावर, आणि पत्नीचे वय ३५ किंवा त्याहून अधिक असल्यास सहा महिन्यांनंतर, दोघांनी मिळून तज्ज्ञाकडे जावे. पाळी फार अनियमित असेल, पोटात तीव्र दुखत असेल किंवा पूर्वी शस्त्रक्रिया झालेली असेल, तर इतकीही वाट पाहू नये. पाण्याचा प्रयोग आणखी सहा महिने करून पाहू, असे म्हणून ही भेट पुढे ढकलणे योग्य नाही, कारण स्त्रीच्या वयाबरोबर बीजांची संख्या कमी होत जाते आणि गेलेला काळ कोणत्याही उपचाराने परत मिळत नाही.

घरातल्या ज्येष्ठांना या बाबतीत काही करावेसे वाटत असेल, तर करण्यासारखे बरेच आहे. दुकानात स्वच्छतागृहाची सोय, सकाळी निववलेल्या पाण्याची बाटली, संध्याकाळच्या ताटात पातळ पदार्थ, आणि डॉक्टरांकडे जाताना सुनेबरोबर मुलालाही पाठवणे, एवढे पुष्कळ झाले. बाकीच्या गोष्टींत नवरा-बायकोला एकान्त द्यावा आणि दर महिन्याला विचारणा करणाऱ्या नातेवाइकांना दारातच थोपवावे.